फोरमनच्या तोंडाला कापूस

३ डिसेंबर १९६१, रविवार
शिवनाथ नदीच्या घाटावर तेजरामचा दहावा. क्वार्टरमधला माझा जोडीदार, टायफॉइडने गेला. पिंडाला कावळा शिवेना. त्याच्या बायकोने, कलावतीवहिनींनी, पोरांना शिकवीन म्हटलं. त्याचा भाऊ म्हणाला, शेत मोडणार नाही. कावळा ढिम्म. उन्हाने डोकं तापलं, म्हणून मी आपलं सहज म्हटलं, तुझे मासे मी सांभाळतो. शिवला! मी असलं काही मानत नाही. तरी शब्द तो शब्द.

५ डिसेंबर
काचेच्या टाकीत तीन छोटे लाल मासे. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन साहेबाकडून तेजरामने आणलेले. नावं त्यानेच ठेवली, आमच्या पोलादाच्या प्लान्टमधल्या हुद्द्यांवरून : फोरमन, चार्जमन, खलाशी. आजपासून तिन्ही त्रिकाळ सातूचं पीठ. वचन दिलंय, तर उपाशी कसे ठेवायचे?

८ डिसेंबर
फोरमनच्या ओठांवर पांढरं काहीतरी. डायग्नोसिस सोपं. सातू चिकटलाय. शेजारचे भय्याजी, प्लान्टमधले रशियन भाषेचे दुभाषी, बघून म्हणाले, अरे नरहरी, कावून इतकं खाऊ घालून राहिला? पाणी सडलं, तोंडाले इन्फेक्शन झालं. त्याले वेगळा काढ, खाणं बंद कर, रोज थोडं पाणी बदल. दुभाष्याने भाषांतर करावं.

९ डिसेंबर, सकाळ
काडीने पुसून पाहिलं. निघत नाही. सातू नव्हे, कापसासारखं आहे. तेजरामच्या नाकात कापूस मीच घातला होता. हे आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळ
फोरमन काचेशी येतो, माझ्याकडे बघतो, तोंड उघडतो, मिटतो. मासे असाच श्वास घेतात. मी सायन्सचा माणूस आहे. खाट फिरवून टाकीकडे पाठ केली. त्या बाजूला हवा चांगली येते.

१२ डिसेंबर
विहिरीत टाकतात ते जांभळं औषध आणलं. भय्याजी म्हणाले, एकच कण टाक, पाणी जेमतेम गुलाबी दिसलं पाहिजे. मासे तीन, आजार जुना. तीन चिमटी टाकल्या. पाण्याचा रंग बिटासारखा. आत काही दिसेना. बरं वाटलं. म्हणजे माशांना वाटलं असेल.

१३ डिसेंबर
खलाशी गेला. त्याची प्रकृती पहिल्यापासून नाजूक. पाणी बदललं. आता चार्जमनच्या तोंडालाही कापूस. औषध लागू पडायला वेळ लागतो.

१७ डिसेंबर, रविवार
काल चार्जमनही गेला. निरोप आला, पुढच्या रविवारी वहिनी तेजरामची ट्रंक न्यायला येताहेत. मासे कुठे म्हणून विचारलं, तर? कावळ्यादेखत बोललोय. संकल्प : फोरमनला वाचवायचंच. सातू बंद, चिमूटभर मीठ, रोज थोडं ताजं पाणी. ही पद्धत मी स्वतः विचार करून काढली.

१९ डिसेंबर
फोरमनचा वरचा ओठ जवळजवळ गेलाय. तरी काचेशी येतो. आज तोंडून निघून गेलं, तेजा, असा बघू नको रे. टाकीवर तेजरामचा टॉवेल टाकला. आजाऱ्याला उजेड बरा नसतो.

२१ डिसेंबर
फोरमन गेला. पपईखाली पुरला. टॉवेल तसाच ठेवला. काढायची गरज काय?

२४ डिसेंबर, रविवार
वहिनी आल्या. चहा केला. मासे झोपलेत म्हणून सांगितलं. त्यांनी टॉवेल उचलला. नुसतं पाणी. मी घाईघाईने सांगू लागलो, थंडी, रशियन जात, आपली हवा. वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या भाऊजी, त्याईले तं मासे पाहूनच मळमळे. मग आणले कशाला, विचारलं. वहिनी म्हणाल्या, तुमच्यासाठीच. ते म्हणत होते, माही नाइट शिफ्ट असली का नरहरी घरात एकटा भेते, खोलीत काही जित्तं असलं म्हंजे झोपते.
मी भितो हे तेजरामला माहीत होतं. सहा महिने रोज मला चिडवायचा, पण यावर एक शब्द बोलला नाही. वहिनींसमोर रडलो. फार रडलो.
त्या ट्रंक घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

२५ डिसेंबर
भय्याजींकडे गेलो. काही दिवस तुमच्याकडे खाट टाकू का, विचारलं. कारण तयार होतं : छत गळतंय. भय्याजींनी वर पाहिलं. दोन महिन्यांत थेंब नाही. मग म्हटलं, भीती वाटते. ते उठले. माझ्याबरोबर आले आणि खाटेची दुसरी बाजू धरली.