पाय पूर्ण दाबल्यावर

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. ‘सौ.’ लिहावं की नाही, याचा विचार करून शेवटी लिहिलं. तू भाऊजींचं घर सोडलंस म्हणून ते काही खोटं होत नाही.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिना उतरून आल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तुझ्या वॉर्डातल्या रात्रपाळ्या संपल्या का? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू एकदम विचारतेस आणि मी काहीतरी सांगून मोकळा होतो. कागदावर मला तसं जमत नाही.

गेल्या वर्षीच्या अपघातानंतर भाऊजींना डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही आणि तरी ते शर्यत सोडत नाहीत, म्हणून तू म्हणाली होतीस, “माणूस ऐकत नाही, तर गाडी तरी हळू कर.” मी केलं होतं. त्यांनी गाडी घाटाच्या शर्यतीसाठी आमच्या गॅरेजात आणून लावली, त्याच दिवशी मी अ‍ॅक्सिलरेटरची केबल सैल केली. मग पाय तळाला टेकला तरी इंजिनात हवा सोडणारी झडप पूर्ण उघडत नाही. हवा कमी म्हणून पेट्रोलही कमी. सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर पूर्ण पाय दिला की मात्र गाडीचा दम संपतो. मला वाटलं, गाडीच ओढत नाही म्हटल्यावर ते यंदा नाद सोडतील.

“मेहुणेबुवा, वरच्या वेगाला गाडी रडतेय,” ते म्हणाले. “तुझ्या हाताला गुण आहे. शोध.”

शोधायचं नाटक तरी करायला हवं होतं. पण ताई, मला खोटे खोटे स्क्रू फिरवता येत नाहीत. हातात घेतलं की ते नीटच होतं. पेट्रोलचा दाब मोजला तर तो खरंच कमी भरला, म्हणून पंप आणि फिल्टर बदलला. इंजेक्टर काढले, त्यातला एक गळत होता. आता चारही इंजेक्टरांचा फवारा सारखा पडतो. प्लगांच्या फटी जुळवल्या. आत किती हवा गेली ते मोजणारा सेन्सर मळला होता, तो साफ केला. दर वेळी भाऊजी चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, “सुधारलीय, पण अजून काहीतरी अडकतंय.” मी मान खाली घालून पुढचं काम काढायचो.

सोमवारी आमचे मालक बाहेरगावाहून परतले. त्यांची एक पद्धत आहे. इंजिनाला हात लावण्याआधी एकाने आत बसून पाय दाबायचा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून झडप बघायची. भाऊजी बसले, मालक वाकले.

“दाबा.”

“दाबलाय.”

“पूर्ण दाबा की.”

“अहो, आता काय जमिनीत घालू?”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. केबलच्या नटावर पान्याची ताजी खूण होती आणि माझा पाना त्यांना ओळखता येतो. ते एवढंच म्हणाले, “केबल ढिली पडलीय. होतं असं.” आणि पाना माझ्या हातात दिला.

भाऊजी हसून हसून बेजार. “अख्खं इंजिन धुऊन काढलंस आणि दोरी बघायची राहिली? काखेत कळसा आणि गावाला वळसा!” त्यांना कसलीच शंका आली नाही. आली असती तर परवडलं असतं.

मी केबल ओढून बसवली. आता ती गाडी काय झाली असेल बघ. एक दोष झाकण्यासाठी मी बाकीचे सगळे काढून ठेवले होते.

संध्याकाळी चढावर गेलो, मी शेजारी. भाऊजींनी पूर्ण पाय दिला. पाठ सीटला चिकटली. कुठे अडखळ नाही, खरखर नाही, आवाज एकसारखा चढत गेला. मी हसत होतो. हे तुला सांगणार नव्हतो.

डावीकडच्या फाट्यावरून दुधाची गाडी येत होती. मला ती केव्हाची दिसत होती, वाटलं त्यांनाही दिसतेय. मी ओरडलो तेव्हा त्यांनी स्टिअरिंग ओढलं. आमचा आरसा गेला, बाकी काही नाही. दूधवाला खाली उतरून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेला.

“दिसली होती मला,” भाऊजी म्हणाले. मी उतरून आरशाच्या काचा रस्त्याच्या कडेला सारल्या. परत येऊन बसलो तेव्हा म्हणाले, “डावीकडचं काही दिसत नाही रे. तपासणीत अक्षरांचा तक्ता पाठ म्हणून दाखवतो. रविवारी शर्यतीत तू बस शेजारी. डावीकडचं तू सांगत जा. तुझ्याइतकं बारीक कोण बघतं?”

काल मी शर्यतवाल्यांच्या कार्यालयात जाऊन भाऊजींच्या डोळ्याचं सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, “तपासणीत पास आहेत ते. तुम्ही कोण?” मेहुणा, म्हटलं. “मग घरचं भांडण घरात मिटवा,” म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. केबलला पुन्हा हात लावायचीही सोय नाही. गाडी त्यांनी घरी नेलीय आणि रोज सकाळी शेजाऱ्याला बॉनेटखाली वाकायला लावून स्वतः पाय दाबतात.

मी नाही म्हटलं तर ते एकटे जातील. म्हणून हो म्हणालो. वळणं पाठ करतोय. त्या घाटात चढताना दरी डाव्या हाताला आहे.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल, नाहीतर सोमवारी. शनिवारी मिळालं तर येऊ नकोस, तू बघते आहेस म्हटलं की ते जास्तच पाय देतात. सोमवारी मिळालं तर तुला सगळं आधीच कळलेलं असेल. आईला मी पार्ट आणायला बाहेरगावी जातोय असं सांगितलंय. तेवढं सांभाळून घे.

गाडीत आता कोणताही दोष उरलेला नाही.

तुझा,
धाकटा