तुमच्या बहिणीची तलावफेरी

मु. खैरटोला, ता. सडक अर्जुनी
दिवाळीनंतरचा सोमवार, २०१३

आदरणीय शालीकरामदादा यांना उदेलालचा रामराम.

वहिनींचा खोकला उतरला असेल, तुमचा गुडघा ठिकाणावर असेल आणि दवनीवाड्यात धानाची कापणी आटोपली असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही. फोनच केला असता, पण घरातला मोबाईल तुमच्या बहिणीच्या कमरेला खोचलेला असतो, आणि जी गोष्ट तिच्याबद्दल आहे ती तिच्याच कमरेजवळ तोंड नेऊन कशी बोलायची?

तर तुमची बहीण मुन्नीबाई, वय तुम्हाला माहीत आहे, रोज सकाळी उठून सायकलवर आमच्या मोठ्या तलावाला फेरी घालून राहिली आहे. एकटी नाही. अंगणवाडीची रुख्माबाई आणि पलीकडच्या घरची देवकाबाई सोबत असतात. तिघींचेही पदर कमरेला, पायात पोरांचे जुने कापडी बूट, आणि तोंडं अशी की जणू दिल्लीला निघाल्या. निघतात कुठे, तर तलावाच्या बांधावरून, पाळीवरून सांडव्यापर्यंत, तिथून मोहाच्या झाडांतून टेकडीला वळसा, खिंड चढायची, पलीकडे उतरून मारुतीच्या देवळावरून परत घरी. म्हणजे जिथून निघालो तिथेच यायचं! अहो, मग निघायचं कायले? मी या तलावाच्या काठावर जन्मलो, मासे खाल्ले, म्हशी धुतल्या, पण तलावाला वळसा घालण्याचं खूळ माझ्या डोक्यात कधी आलं नाही. (नागपूरचे रिकामटेकडे लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून बदकं बघायला येतात, तेसुद्धा एका जागी बसून बघतात.) पण टेकडीपलीकडून डांबरी रस्ता आला आणि गावातल्या बायका बिघडल्या.

आता दादा, राग मानू नका, जावयानं असं लिहू नये, पण मूळ दोष तुमचा आहे. सोयरीक जमवताना तुम्ही सांगितलं, मुलगी स्वयंपाकात हुशार, धानाच्या रोवणीत हुशार, मोठ्यांपुढे मान वर करत नाही. तुम्हीच तिला शेताच्या धुऱ्यावरून सायकल शिकवली होती, हे मात्र कोणी सांगितलं नाही. एवढी वर्षं ही गोष्ट दाबून ठेवलीत. दुसरा दोष आमच्या पोराचा, हेमेंद्रचा. डॉक्टरनं माझ्या साखरेसाठी सायकल चालवा म्हटलं, तर या दिवट्यानं नागपूरहून गिअरची सायकल पाठवली. सीट अशी की कोंबडीसुद्धा बसणार नाही. मी ती ओसरीत लावली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागलो. चांगला उपयोग होता. एका सकाळी बघतो तर टॉवेल जमिनीवर, आणि सायकल तुमच्या बहिणीसकट गायब.

सुरुवातीला ती मला रोज विचारायची, चला जी सोबत. मी रोज नाही म्हणायचो. माणूस एका हाकेत उठला तर त्याची काय इज्जत राहते? असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका सकाळी तिनं विचारलंच नाही. मी पांघरुणात जागाच होतो. फाटक वाजलं, घंटी वाजली, आणि तिघींचं हसणं पाळीवरून दूर जात राहिलं. मला काय, बरंच झालं. फक्त चहा गार मिळतो.

पण घरचा कर्ता म्हणून बघून घ्यावं असं वाटलं. जंगलात अस्वल आहे, उद्या काही झालं तर तुम्ही मलाच विचाराल. म्हणून चार दिवसांपूर्वी, त्या गेल्यावर, मीही निघालो. घरात उरली होती रिंकीची शाळेची सायकल, गुलाबी रंगाची, पुढे बास्केट. (पोरगी गोंदियाला शिकायला गेली, सायकल ठेवून गेली.) कोणी ओळखू नये म्हणून दुपट्टा तोंडाला बांधला. पानठेल्यावरून आवाज आला, रामराम उदेलालजी, पोरीची सायकल घेऊन कुठे? आमच्या गावात लोकांना दुसरा धंदाच नाही.

मी डोकं चालवलं. फेरी गोल आहे, तर उलट्या बाजूनं जायचं, म्हणजे त्या समोरून येतील आणि मी सहज फिरायला आलो असं दिसेल. हिशेब पक्का होता. फक्त खिंडीचा खरा चढ मारुतीच्या बाजूनं आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. देवळापासून चार पायडल मारले आणि छातीत भाता सुरू झाला. उतरलो, सायकल ढकलू लागलो. चार पावलं ढकलली की मी थांबायचो, आणि सायकल मागे जाऊ पाहायची. एवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला.

दादा, खोटं सांगत नाही, घाम गळतोय, तोंड बांधलेलं, हातात गुलाबी सायकल. या अवस्थेत बायकोला भेटणं मला जमलं नाही. मी सरळ झुडपात शिरलो आणि उकिडवा बसलो. आणि सायकल? ती राहिली रस्त्याच्या कडेला उभी! एवढी अक्कल त्या वेळी कुठून येणार? तिघी आल्या, थांबल्या. तुमची बहीण ओरडली, अगं बाई, ही तं आपल्या रिंकीची सायकल! चोर दिसते! झालं. देवकाबाईनं दगड उचलला, रुख्माबाईनं काठी. मी डोकं आणखी खाली घातलं. (देवकाबाईचा नेम तुम्हाला माहीत नाही. ती चिंचा दगडानंच पाडते.) मग तुमच्या बहिणीनं एका हातानं आपली सायकल धरली, दुसऱ्या हातानं गुलाबी, आणि तशीच उतारावरून निघून गेली. हेही तुम्हीच शिकवलं असेल. मी मागून पायी आलो, काटे काढत.

घरी आलो तर अंगणात सभा भरलेली. बायकांनी चोराच्या हातून सायकल कशी सोडवली, याचं वर्णन चालू होतं, आणि मलाही वा वा म्हणावं लागलं. पोलीस पाटील सुकरामभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही जबाबदार माणूस आहात, चोरावर नजर ठेवा. तेव्हापासून मी नजर ठेवून राहिलो आहे. कोणावर ते सांगायची गरज नाही.

आणि आता कळस ऐका. आपल्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, येत्या रविवारी आहे, तुम्ही येणारच आहात. या वर्षी मंडळाच्या पोरांनी ठरवलं की मंडईच्या सकाळी जोडीजोडीनं तलावाला सायकलफेरी. नवरा-बायको, बाप-लेक, कोणीही चालेल. रात्री नाटक आहेच, सकाळी हा तमाशा कायले? तुमच्या बहिणीनं आपली जोडी रुख्माबाईशी लावून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही! मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाली, तुम्हाले आवडत नाही ना जी, म्हणून नाही विचारलं. एवढ्या शांतपणे म्हणाली की मी अर्ध्या जेवणावरून उठलो.

म्हणून विनंती, दोन दिवस आधी या आणि थोरला भाऊ म्हणून तिला दटावा. या वयात हे शोभत नाही, घरी बस, असं स्पष्ट सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
उदेलाल

ता. क. येताना घरची लाखोरीची डाळ आणा. इथली यंदा बेचव निघाली.

ता. क. दुसरा. माझी तंबाखूची डबी त्या दिवशी गुलाबी सायकलच्या बास्केटमध्ये राहिली होती, हे मला संध्याकाळी आठवलं. जाऊन पाहिलं तर बास्केट रिकामी. डबी माझ्या नेहमीच्या कोनाड्यात होती, आणि तिच्यात ताजा चुना भरलेला होता. म्हणजे चोर कोण, हे तिला तिथेच कळलं होतं. चार दिवस झाले, अवाक्षर बोलली नाही. अशा बाईसोबत माणसानं कसं राहायचं?

ता. क. तिसरा. दटावू नका. हे पत्र टाकायला मी सडक अर्जुनीला सायकलनंच जाऊन राहिलो, सपाट रस्त्यावर जमते. तुम्ही आलात की तिला फक्त एवढंच म्हणा, माझं नाव न घेता, की उदेलालला आणखी एकदा विचारून पाहा. मी नाही म्हणेन, माझी सवय तिला माहीत आहे. तिनं लगेच निघून जाऊ नये. दुसऱ्यांदा विचारावं.