अकरा कार्डे

समुपदेशक बाई,

मला तुमच्याकडे पाठवणारी माझी धाकटी जाऊ काल जेवताना म्हणाली, "ताई, देवापुढे नुसते ओठ हलवता म्हणे? आम्हाला वाटलं, आमच्यासाठी काही मागताय." म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मुलगा गेल्यापासून मला प्रार्थना जमत नाही, हे मी फक्त तुम्हाला सांगितले होते. "श्रद्धा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवू नका," असे तुम्हीच म्हणाला होतात. मी ती आत आणली. तुम्ही ती जावेच्या ताटापर्यंत पोचवलीत. काळजीपोटीच, असे म्हणाल.

मूल्यांचा क्रम लावायला तुम्ही दिलेल्या बारा कार्डांपैकी अकरा आज तुमच्या मदतनीस बाईंच्या हाती दिली. 'श्रद्धा' लिहिलेले माझ्याकडे ठेवले आहे. हे पत्रही माझ्याकडेच राहील.

दर गुरुवारी येत असे, ती