फिलोमिना येऊन जाते

१४ नोव्हेंबर २००९, नाशिक. संध्याकाळ

केतकीने आज मला नव्या साइटवर खातं उघडून दिलं. वर म्हणाली, "आई, जुन्या साइटवर आता कुत्रंही फिरकत नाही. तिथलं बंद करून टाकू?"

"फिलोमिना येते ना."

"लिहिते काही?"

"नाही गं. नुसती येऊन जाते."

"म्हणजे हजेरी लावते तुझ्याकडे!" माझी लेक हसत सुटली.

फिलोमिना म्हणजे देवळाली कॅम्पच्या कॉन्व्हेंटमधली, माझ्या बाकावरची. जुन्या साइटवर आपलं पान कोण पाहून गेलं त्यांची नावं दिसतात. तिचं रोज दिसतं. काय बघत असेल? माझा तोच एक फोटो? शाळेतही अशीच. मी आजारी पडले की आमच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, आत काही यायची नाही.

नव्या साइटवर कोण डोकावून गेलं ते कळतच नाही म्हणे. मग ती तिथे आली तरी मला कसं समजणार?

खातं बंद करू दिलं नाही. केतकी उठून गेल्यावर मीच फिलोमिनाच्या पानावर गेले. लिहायला काही सुचेना. थोडा वेळ थांबले आणि परत आले.

आता तिला माझं नाव दिसेल.