पूनमच्या तळहातावरचा चुना

देऊळघाट
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस छायाचा सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की तुम्ही आवाज येत नाही म्हणून ठेवून देता. म्हणून लिहून राह्यली.

तुमच्याकडची दिवाळी करून आल्यावर पूनमनं अंगणात बाहुली मांडीवर घेतली, तळहातावर माती चोळली, थाप मारली अन् चिमूट बाहुलीच्या ओठात भरली. चार वर्षांची पोरगी! विचारलं तर म्हणे, आजोबाले तंबाखू मीच मळून देते, माझ्यासारखी कोणालेच जमत नाही. तळहाताची कातडी चुन्यानं सोललेली.

बाबा, शाबासकी द्यायले दुसरं काही सापडलं नाही काय? कुलदीपदादालेही तुम्ही असंच कौतुकानं मळायले बसवलं होतं. आज त्याचं तोंड दोन बोटं जातील एवढंही उघडत नाही. एक लेकरू कमी पडलं काय तुम्हाले? उन्हाळ्यात पूनमले पाठवायचं की नाही, ते तुमच्या उत्तरावर.

लोभ आहेच, पण आज राग जास्त आहे.
तुमची छाया

दुसरबीड
१९ नोव्हेंबर

चि. सौ. छायास अ. उ. आ.

बापाले शिकवते काय? मीही माझ्या बापाले मळून देत होतो, मले काय झालं? लेकरू हौसेनं मळते, खात तर नाही. कुलदीप बाहेरच्या पुड्यांनी बिघडला, माझ्या डबीनं नाही. शहाणपण तुझ्या सासरी ठेव. पोरगी नसेल पाठवायची तर नको पाठवू, आमचं काही अडत नाही.

तिच्यासाठी निंबाले झोका बांधला आहे. ठेवू का सोडू, तेवढं कळव.

शालिग्राम

दुसरबीड
२३ नोव्हेंबर

छाये, मायचा आशीर्वाद.

यांनी तुले काय लिहिलं ते मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं. पण काल यांनी शेजारच्या गोकुळच्या बारक्याले ओट्यावर बोलावलं अन् त्याच्या हातावर तंबाखू ठेवली. मंग माह्यं डोकंच फिरलं. लेकराचे हात धुऊन घरी धाडलं अन् डबी चुलीत टाकली. तेव्हापासून हे बोलून नाही राह्यले. नका बोलू म्हणा!

तीस वर्षांच्या कुलदीपले मी रोज भाकर दुधात कुस्करून चमच्यानं भरवते. बाहेरची पुडी का घरची डबी, ते त्या तोंडालेच विचारा म्हटलं यांले.

झोका मी सोडला. पूनमले पाठवू नको. तिच्याबिगर घर खायले उठते, तरी नको पाठवू. एकाले कुस्करून देते, तेवढं बस झालं.

पोरीच्या हाताले खोबरेल लाव.
तुझी माय, पुष्पाबाई