बिनसेलचा खुळखुळा

३ जानेवारी, सकाळी ६.१०
नव्या वर्षाचा संकल्प. दोन दिवस उशीर झाला, पण पक्का. या घरात यापुढे सेलवर चालणारं खेळणं येणार नाही. ठराव एकमताने मंजूर. (मत एकच पडलं. माझं.)
निमित्त, चिरंजीवांनी लेकीसाठी आणलेला प्लास्टिकचा हत्ती. बटण दाबलं की सोंडेत लाल-निळे दिवे आणि पोटातून गाणं. आठ महिन्यांच्या पोरीला हवंय कशाला हे? एकतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं मी. माझ्या नातीने प्लास्टिक चघळायचं? तिला ठकी म्हणतो ते उगाच नाही. ठकी म्हणजे लाकडी बाहुली.

८ जानेवारी
खुळखुळा तयार! जुन्या पलंगाचा पाय लेथवर चढवला. आत तांदूळ. कुठे कड नाही, कुसळ नाही. पाळण्यामागे उभा राहून वाजवला. ठकी वळली नाही. स्वतःच्या पायाचा अंगठा चोखण्यात गर्क. याला म्हणतात एकाग्रता. आमच्या घराण्यातच आहे.
ही म्हणाली, मी शेजारी बसले होते, मलाही काही ऐकू आलं नाही. हिला लाकडातलं काही कळत नाही. चाळीस वर्षं पाहतोय.

१२ जानेवारी
तांदूळ काढले, हरभरे भरले. आवाज खणखणीत. ठकी ढिम्म. मग हत्ती लावला तर खिदळायला लागली. निदान : इलेक्ट्रॉनिक गाण्यांनी पोरीचे कान बिघडवलेत. साधा आवाज आता गोडच लागत नाही.

१३ जानेवारी, दुपारी २ (सगळे पेंगत असताना)
हत्तीच्या पोटातली स्पीकरची वायर कापली. याला तोडफोड म्हणत नाहीत, सुधारणा म्हणतात. संध्याकाळी दिवे लागले, गाणं नाही. तरी ठकी तेवढीच हसली. म्हणजे गाण्यात दम नव्हताच! सिद्ध झालं.

२० जानेवारी
सूनबाईच्या डोक्यात नवं खूळ. म्हणते, बाबा, हाक मारली तरी ठकी बघत नाही. परवा ताटांची चळत पडली तरी झोपेत हलली नाही. मी म्हणालो, माझ्यावर गेलीय, मी स्टाफ मीटिंगमध्ये असाच झोपायचो. कोणी हसलं नाही. कानाच्या डॉक्टरांकडे २४ तारखेची वेळ घेतलीय म्हणे. एवढ्याशा जिवाला वायरी लावणार! चिरंजीव तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. आता थांबत नाहीत.

२२ जानेवारी
दवाखान्यात फोन केला. पुढची तारीख मागितली, २५ फेब्रुवारी मिळाली. घरी सांगितलं की त्यांचाच फोन आला होता, डॉक्टर परगावी चाललेत. सूनबाईचा चेहरा पडला. पण महिनाभरात खुळखुळा आपलं काम चोख करेल, मग तीच आभार मानेल. एकूण, बाजी मारली.

४ फेब्रुवारी
हरभरे बाद. आत सायकलच्या चाकातले छर्रे. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर आले, म्हणाले, मास्तर, पत्रे उचकटताय का? आणि ठकी वळली! वळली!!
ही म्हणाली, भिंतीवर तुमची सावली हलली म्हणून वळली. दाराआडून वाजवून बघा. बघतो म्हणालो. सध्या वेळ नाही. निवृत्त माणसालाही कामं असतात.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११
घरात फक्त मी आणि ठकी. दाराआडून वाजवला. फटीतून बघत होतो. ती ठोकळा चघळत होती. दार जाड आहे, मीच केलंय. मग दार उघडून वाजवला. मग तिच्या पाठीमागे बसून. मग अगदी कानाशी.
बारा वेळा. हात दुखतोय.
हत्तीचं गाणं बंद झालं तरी ती हसली, तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं का? असले प्रश्न रोजनिशीत लिहू नयेत.
कोणाला बोललो नाही. आठ दिवसांवर तारीख आहेच.

२५ फेब्रुवारी
दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. जन्मापासून. म्हणजे कान कोणी बिघडवले नव्हते.
डॉक्टरांनी विचारलं, उशीर का केलात, या वयात एकेक महिना मोलाचा असतो. सूनबाई म्हणाली, जानेवारीतच येणार होतो, पण तुम्ही परगावी गेला होतात ना. डॉक्टर म्हणाले, मी कुठे गेलो होतो? इथेच होतो.
सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी गडबडीने उठलो तर शर्टाच्या खिशातला खुळखुळा वाजला. खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ठकीने नाही.

१ मार्च
सूनबाई बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते. चिडली असती तर बरं झालं असतं. ही म्हणाली, माफी मागा. मी म्हणालो, योग्य वेळ बघून. उद्या मागतो.

६ मार्च
उद्या नक्की.

१९ मार्च
ठकीला मशीनं बसवली. दोन्ही कानांमागे एकेक, वालाच्या दाण्याएवढी. सेलवर चालतात.
छर्रे काढून मी परत हरभरे भरून ठेवले होते. दारात उभा राहिलो, पण वाजवायचा धीर होईना. सूनबाई आली. माझ्या हातातून खुळखुळा घेतला, ठकीच्या पाठीमागे गेली आणि हळूच हलवला. ठकी दचकली. वळली. ओठ काढून रडायला लागली. सूनबाईही रडली. मी आतल्या खोलीत जाऊन रडलो. पोरीचा एक महिना मी खाल्ला. एका महिन्यात आई किती हाका मारते?
बावीस दिवसांनी सूनबाई माझ्याशी बोलली. म्हणाली, बाबा, या मशीनांचे सेल दर आठवड्याला बदलायचे आहेत, जमेल तुम्हाला? जमेल म्हणालो. माफी मागायची राहिलीच.
दुपारी हत्तीची वायर जोडून दिली. गाणं भिकार आहे. ठकीने अकरा वेळा लावलं. शेजारी बसून मी अकराही वेळा ऐकलं.