आपाने नकाब वर केला

पवनी, शुक्रवार, एप्रिल १९७८

आज मी आपाला ओळख दिली नाही. सख्ख्या मोठ्या बहिणीला.

शाळेतल्या बायांसोबत स्टँडवर उभी होते. बुरखा सोडला म्हणून त्यांच्यात माझं केवढं कौतुक! तेवढ्यात तुमसरच्या गाडीतून आपा उतरली, काळ्या बुरख्यात, हातात पिशवी. चालण्यावरूनच मी ओळखलं. तिनं हाक मारली. मी बायांशी बोलतच राहिले. काहून? लाज वाटली? तिची, की...

मग तिनं भर स्टँडवर नकाब वर केला. मला ओळखू यावी म्हणून. तरी मी मान फिरवली.

मागच्या ईदला मीच तिच्याशी भांडले होते, पडद्यात बाईचा चेहराच हरवतो म्हणून. तेव्हा ती म्हणाली होती, "चेहरा माझा आहे. कोणाले दाखवाचा ते मी ठरवीन." आज तिनं ठरवलं. लग्न झाल्यापासून परक्या माणसासमोर कधी नकाब वर न करणारी माझी आपा. पानठेल्यावरचे सगळे बघत होते. आणि जिच्यासाठी वर केला, ती मात्र गाडीची पाटी वाचत होती.

घरी आले तर आपा दारात बसलेली. पिशवीतून माझ्यासाठी शेवया काढल्या. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ऊन किती होतं वं आज. तुले दिसलंच नसन."

मी म्हटलं, "हो."